एक शेख, चार स्पेलिंग

घरातली कागदपत्रं एकदा समोर मांडून बघा. अब्बांचं आधार, अम्मीचं पासबुक, भावाची मार्कशीट, स्वतःचं पॅन कार्ड. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. बऱ्याच घरांत तसं नसतं. 'शेख' कुठे एस-एच-ए-आय-के-एच असतो, कुठे एस-एच-ई-आय-के-एच, कुठे शेवटचा एच गळालेला, तर कुठे नुसताच एस-के.

मग दोष कुणाला दिला जातो? शाळेत नाव घालायला गेलेल्या दादांना, नाहीतर नाव लिहून घेणाऱ्या क्लार्कला. "शिकलेले नव्हते ना," असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. या गोंधळाचं मूळ आपल्या घरात नाही, इंग्रजीच्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे.

इंग्रजीत स्वरांसाठी अक्षरं पाच आणि बोलण्यातले स्वर साधारण वीस. त्यामुळे एकेका अक्षराला अनेक कामं करावी लागतात. 'ए' हा एकच आवाज घ्या. 'डे'मध्ये तो ए-वायने लिहितात, पावसाच्या 'रेन'मध्ये ए-आयने, 'ग्रेट'मध्ये ई-एने आणि वजनाच्या 'वेट'मध्ये चक्क ई-आय-जी-एचने. उलट बाजूनेही तेच. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं 'थ्रू'मध्ये ऊ होतात, 'टफ'मध्ये अफ आणि खोकल्याच्या 'कॉफ'मध्ये ऑफ.

यामागे इतिहास आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, पण लोकांच्या तोंडातले उच्चार बदलत राहिले. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. 'नाइफ'च्या सुरुवातीचा के एकेकाळी खरोखर उच्चारला जात होता. कर्जाच्या 'डेट'मधला बी मात्र इंग्रजीत कधीच बोलला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी तो बी मागाहून घुसवला. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा गोष्टीला 'लेगसी कोड' म्हणतो. गरज संपलेली असते, पण हात लावायला कुणी धजत नाही.

खुद्द शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या आज अस्सल मानल्या जातात, त्यांत त्याच्या नावाचं स्पेलिंग एकसारखं नाही. आजच्या बँकेत त्याचं केवायसी झालं नसतं!

आता या साच्यात आपली नावं ओतून बघा. देवनागरीत 'शेख'. उर्दूत शीन, ये, खे. दोन्हीकडे वादच नाही. 'मुहम्मद' उर्दूत लिहिताना मीम, हे, मीम, दाल एवढी चार अक्षरं पुरतात, कारण ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. रोमनमध्ये मात्र ते लिहावेच लागतात. मग प्रत्येक घराने आपापल्या कानाप्रमाणे ते भरले. यू की ओ? एम एक की दोन? शेवटी ए की ई? वर एम-ओ-एच-डी आणि एम-डी ही संक्षिप्त रूपं आहेतच. हे फक्त मुसलमानांच्या वाट्याला आलेलं नाही. दीक्षितांमध्येही कुणी एक्सने लिहितं, कुणी के-एस-एचने.

माणूस वाचतो तेव्हा यातलं काहीच अडत नाही. अडतं ते कॉम्प्युटरपाशी, कारण तो आवाज ऐकत नाही, अक्षरं मोजतो. त्याच्या लेखी एक अक्षर बदललं की माणूस बदलला. मग आधार-पॅनची जोडणी होत नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज परत येतो. माझ्या एका नोकरीच्या वेळी अब्बांच्या नावातल्या एका 'ई'पायी कागदपत्रांची पडताळणी दोन आठवडे रखडली होती. मला ते दोन आठवडे परवडले. शेवटच्या तारखेला फी भरायची असलेल्या मुलीला ते परवडत नाहीत.

यावर उपाय नाही असं नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेलने 1918 मध्ये एका पद्धतीचं पेटंट घेतलं, ती पुढे साउंडेक्स म्हणून ओळखली गेली. त्यात पहिलं अक्षर ठेवतात, नंतरचे स्वर गाळतात आणि सारख्या वाटणाऱ्या व्यंजनांना एकच आकडा देतात. ए-आयवाला, ई-आयवाला आणि शेवटचा एच गळालेला, या तिन्ही शेखांचा कोड एस 200 असा एकच येतो. 'मोहम्मद'ची पूर्ण रूपंही एकत्र येतात. पण एस-के किंवा एम-ओ-एच-डी लिहिलं की पद्धत हरते. कुरेशी क्यूने आणि केने लिहिला तरी हरते, कारण पहिलं अक्षरच वेगळं पडतं. आज याहून चांगल्या पद्धती हाताशी आहेत. म्हणजे तंत्रज्ञान कमी पडत नाही. एका अक्षराच्या फरकावर अर्ज फेटाळायचा, हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो आणि तो बदलता येतो.

तोवर आपल्या हातात काय आहे? घरात सगळ्यांनी बसून नावाचं आणि आडनावाचं एकच स्पेलिंग ठरवा. संक्षिप्त रूपं टाळा. लहान भावंडांचा दहावीचा फॉर्म भरण्याआधी शाळेच्या रजिस्टरमधलं नाव तपासा, कारण पुढची बरीच कागदपत्रं त्या मार्कशीटवर उभी राहतात. मोठ्यांचं नाव दुरुस्त करायचं असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याची सोय आहे. मोहल्ल्यात कुणाला फॉर्म भरता येत नसेल, तर एक रविवार त्यांच्यासाठी काढा.

आणि आपल्यापैकी जे माझ्यासारखे सॉफ्टवेअर लिहितात, त्यांना एक विनंती. नाव पडताळणारा कोड लिहाल तेव्हा फरक सापडताच अर्ज फेटाळू नका. तो माणसाच्या डोळ्यांसमोर जाऊ द्या. महाराष्ट्रात आधारवर नाव मराठीतही छापलेलं असतं, तेही विचारात घ्या. पुढच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा कुणी काढला नाही, तर तुम्ही काढा.