टिपणांची रंगपंचमी

निळ्या शाईने लिहिले की लक्षात राहते, महत्त्वाचे ते लाल शाईने लिहावे, व्याख्या हिरवीने... परीक्षा जवळ आली की साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही हा उपदेश हमखास ऐकवला जातो. त्यात सत्याचा कण आहे, हे मान्य. अनेक सारख्या गोष्टींतली एखादी वेगळी गोष्ट अधिक स्मरते, हे फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवले होते. आपल्या जुन्या लेखनिकांनाही त्याची जाण असावी. म्हणूनच अनेक पोथ्यांत मजकूर काळा आणि दंड, आकडे, पुष्पिका तेवढ्या लाल. पण सारे पानच रंगले, तर वेगळे काय उरले?

खरा प्रश्न रंगाचा नाहीच. आपण रंगवतो काय? प्राध्यापकांनी सांगितलेले आणि विद्यार्थ्याने शब्दशः उतरवलेले! या प्रथेच्या समर्थनासाठी कोणी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशाचा दाखला देईल: शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी सांगितले, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. परंतु ग्रंथ जसाच्या तसा जतन करणे हे लेखनिकाचे कर्तव्य, विद्यार्थ्याचे नव्हे. विद्यार्थ्याने आदर्श घ्यावा तो म्हाइंभटांचा. चक्रधरांच्या लीळा त्यांना कोणी आयत्या सांगितल्या नाहीत. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून, विचारून, पडताळून त्यांनी त्या मिळवल्या. पुढे मूळ पोथी धाडीत गेली, तरी अनुयायांच्या स्मरणातून ‘लीळाचरित्र’ पुन्हा उभे राहिले. पाठभेद झाले, पण ग्रंथ वाचला. आज वही हरवली, तर आपल्या पदवीधरापाशी काय उरेल?

रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग येथे बोलका आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. परंतु आठवड्यानंतर सरस ठरले ते न पाहता आठवून लिहिणारे. रंगीत टिपणे पुनःपुन्हा चाळताना सारे येते असे वाटते, तो भास याच पाच मिनिटांचा असतो.

तेव्हा दोष विद्यार्थ्यांच्या पेनांना देऊन भागणार नाही. टिपणे सांगत सुटणारे आपण शिक्षकच या रंगपंचमीचे यजमान आहोत. तासाची शेवटची दहा मिनिटे वह्या मिटवून, ऐकलेले स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगण्याचे धैर्य आपण दाखवणार आहोत का? मग शाई कोणतीही चालेल.