आधी वर्गवारी, मग सफाई



आमचे सोलापूर आणि आपली शिक्षणाची चळवळ यांचे नाते फार जुने आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1925 साली सभेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते सोलापुरात. त्या मुलांना राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि पुस्तके हवी होती. आजच्या मुलांना त्यांच्या जोडीला संगणकही लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, परीक्षेचे प्रवेशपत्र संगणकावरूनच काढायचे. म्हणून आमच्या वस्तीतील विहाराच्या अभ्यासिकेत आम्ही वर्गणीतून एक जुना संगणक आणून ठेवला आहे.

गेल्या वर्षी हा संगणक अगदीच मंदावला. बटण दाबून चहा पिऊन यावे, तरी पडदा तयार नसे. बैठकीत "नवा घ्या" असा सूर निघाला. पण वर्गणी देते कोण? यंत्रमागावर राबणारे बंधू आणि विड्या वळणाऱ्या आयाबहिणी. त्यांचा पैसा खर्च करण्याआधी दुखणे काय आहे ते पाहणे आमचे कर्तव्यच होते.

'धिस पीसी' उघडून पाहिले, तर 'सी' ड्राइव्हची पट्टी लाल झालेली. जागा एक दशांशाहूनही कमी उरली की ती लाल होते. संगणकाला काम करताना मोकळी जागा लागते. ती नसेल तर तो अडखळतो. आत डोकावलो तर जयंतीच्या मिरवणुकीची तीच चित्रफीत तीन ठिकाणी साठवलेली. महाराष्ट्र शासन 1979 पासून प्रसिद्ध करीत असलेल्या बाबासाहेबांच्या 'लेखन आणि भाषणे' या ग्रंथमालेतील एकच खंड प्रत्येक मुलाने वेगळा उतरवून घेतलेला. ग्रंथ वाचावेत, जरूर वाचावेत. पण कपाटात एक प्रत असताना दहा कशाला?

मग आम्ही उत्साहाने सफाईला लागलो आणि तेथेच चुकलो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज आणि त्यात 'टेम्पररी फाइल्स' अशी यादी असते. बिनकामाच्या तात्पुरत्या फाइली तेथून एकदम काढता येतात. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. आम्ही सगळ्याच चौकटींवर खूण केली आणि बटण दाबले. बरीच जागा मोकळी झाली, पण त्याबरोबर एका विद्यार्थिनीची जात पडताळणी प्रमाणपत्राची प्रतही गेली. रिसायकल बिनमध्ये शोधले, तेथेही नाही. अर्जाच्या मुदतीचा एकच दिवस उरलेला आणि मूळ प्रमाणपत्र गावी, बार्शी तालुक्यात. ती पोर रात्रीच्या एसटीने गेली, सकाळी कागद घेऊन परतली आणि दुपारी अर्ज भरला गेला. आम्हाला ती एका शब्दाने बोलली नाही. तेच आम्हाला जास्त लागले.

आमचा जन्म कारकुनीत गेला. कचेरीत कागद नष्ट करण्याआधी त्यांची वर्गवारी करतात. 'अ' वर्गाचे कागद कायम जपायचे, 'ड' वर्गाचे वर्षभराने काढून टाकायचे. ही साधी शिस्त आम्ही संगणकापुढे बसताच विसरलो. म्हणून सांगतो : आधी वर्गवारी, मग सफाई.

आता कृती सांगतो. घरच्या संगणकालाही ती लागू आहे.

पहिले काम, जपायच्या कागदांचे. दाखले, गुणपत्रिका, घरातील फोटो एका फोल्डरमध्ये गोळा करावेत आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. ती प्रत उघडते की नाही हे पाहूनच पुढे जावे.

दुसरे, दुबार वस्तू काढाव्यात. पुसलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते व तेथेही जागा अडवते. ते रिकामे केल्यावरच जागा सुटते. मग 'टेम्पररी फाइल्स' काढाव्यात, 'डाउनलोड्स'वरची खूण मात्र न विसरता उतरवावी.

तिसरे, नको असलेले प्रोग्रॅम सेटिंग्जमधील 'ॲप्स'मध्ये जाऊन रीतसर काढावेत. 'विंडोज' किंवा 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमधील काहीही हाताने पुसू नये. घराचा खांब अडगळ समजून कोणी तोडत नाही.

चौथे, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'स्टार्टअप'च्या यादीत संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतात. नको असलेले बंद करावेत, विषाणूरोधक तेवढा चालू ठेवावा. आमचा संगणक सुरू होण्याचा वेळ यानेच सर्वांत कमी झाला.

पाचवे, फिरती तबकडी असलेल्या जुन्या हार्डडिस्कला 'डीफ्रॅगमेंट'चा उपयोग होतो, कारण फाइलींचे विखुरलेले तुकडे त्याने जवळ येतात. एसएसडीला त्याची गरज नसते. पुढे पैसे जमले तर सबंध संगणक बदलण्याऐवजी एसएसडी बसवता येते का, ते आधी विचारावे. जुन्या यंत्राला तिने बराच वेग येतो.

सहावे, धूळ. आपल्या सोलापूरचा उन्हाळा आणि यंत्रमागाच्या वस्तीतील कापसाची तूस! पंख्यात ती अडकली की यंत्र तापते आणि मंदावते. प्लग काढून, मऊ कोरड्या ब्रशने ती झाडावी.

"एका क्लिकमध्ये संगणक वेगवान" असे आमिष दाखवणारे फुकट प्रोग्रॅम घेऊ नयेत. त्यांतून विषाणू शिरण्याचा धोका असतो. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ज्यांच्याकडे अजून तेच आहे, त्यांनी पुढे काय करावे हे जाणकाराला विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट अभ्यासिकांसाठी. सार्वजनिक संगणकावर मुलांचे आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची प्रत पडून राहणे बरे नव्हे. काम झाले की आपल्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात, संगणकावरच्या पुसाव्यात आणि खात्यातून बाहेर पडावे. तशी सूचना आम्ही भिंतीवर लावली आहे.

आता दर पौर्णिमेला वंदनेआधी विहार झाडला जातो, तेव्हा दोन मुले संगणकही झाडतात. वर्गवारीची वही त्या विद्यार्थिनीकडेच आहे. तिच्या सहीशिवाय एकही फाइल पुसायची नाही, असा आमचा नियम आहे आणि तो सर्वांत आधी आम्हाला लागू आहे. नव्या संगणकाचे पैसे वाचले. त्यांतून स्पर्धा परीक्षेची पुस्तके आली.

आपल्या वस्तीतील अभ्यासिकेचा संगणक मंद झाला असेल, तर येत्या पौर्णिमेला एवढे करून पाहा. मात्र आधी वर्गवारी!

भवतु सब्ब मंगलम्.