निफ्टी हलत नाही तेव्हा

सांगलीजवळच्या आमच्या माधवनगरात चहाच्या गाड्यावर शेअर बाजाराचा विषय दोनच वेळा निघतो. बाजार उसळला की आणि बाजार कोसळला की. एरवी हळदीचा दर, बेदाण्याचे सौदे, कृष्णेचं पाणी आणि राजकारण. इंडेक्स फंडात एजंट न धरता, स्वतःच्या हिमतीवर पैसे घालणाऱ्याची खरी परीक्षा मात्र त्या एरवीच्या काळातच होते, असं माझं ठाम मत आहे.

पडझडीची भीती सगळ्यांनाच ठाऊक आहे. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात 13 टक्के पडला. त्याच सुमारास इस्लामपूरला एकाच कुटुंबात कोरोनाचे रुग्ण निघाले होते आणि सांगली जिल्ह्याचा जीव मुठीत होता. माझ्या वहीत त्या वर्षाचं पान आहे. तारीख, एनएव्ही म्हणजे युनिटचा भाव, युनिटं, एकूण असे चार रकाने. जानेवारीत निफ्टी 12 हजारांवर होता, 7 एप्रिलला नऊ हजारांच्या खाली. रक्कम तीच, पण युनिटांच्या रकान्यातला आकडा जानेवारीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक फुगलेला. नोव्हेंबरात निफ्टीने 13 हजारांचा टप्पा ओलांडला. म्हणजे घबराट जबर होती, पण काही महिन्यांची. तेवढा काळ माणूस दात-ओठ खाऊन काढतो.

2008 नंतरची वर्षं आठवा. जानेवारी 2008 मध्ये निफ्टी 6300 च्या आसपास होता. त्या वर्षी ऑक्टोबरात तो 2600 च्या खाली आला, नंतर सावरला, 2010 च्या दिवाळीला पुन्हा 6300 ला टेकला आणि तिथून परत घसरला. ऑगस्ट 2013 च्या शेवटच्या आठवड्यात तो 5300 च्याही खाली गेला. साडेपाच वर्षं गेली आणि निर्देशांक होता तिथून मागेच. याच काळात बँकेची मुदत ठेव आठ-नऊ टक्के देत होती आणि सोन्याचा भाव दुपटीहून अधिक झाला होता. घरातल्या घरात रोज कुणीतरी विचारणार, त्या फंडात काय मिळालं? याला उत्तर नसतं. रडायला कारण नसतं, सांगायला आनंदही नसतो. दरमहा हप्त्याच्या एसआयपी बंद पडतात त्या अशा दिवसांत, आणि कुणाला त्याची खबरही लागत नाही.

पण त्या वर्षांत दरमहा घेतलेली युनिटं 2600 लाही घेतलेली होती आणि 5000 लाही. मे 2014 मध्ये निफ्टीने सात हजार ओलांडले तेव्हा त्या कंटाळवाण्या खरेदीची किंमत कळली. ज्याने 2012 ला वैतागून पैसे काढले, त्याच्या वाट्याला ती रखडलेली वर्षं तेवढी आली.

कंटाळलेला माणूसच वेगळ्या वाटेला लागतो, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला कळणार? 2019 साली इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबडीपालन योजनेत किती शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते आपण डोळ्यांनी पाहिलं. आज तीच हाव मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्सच्या रूपाने आली आहे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे जाहीर केले: तीन आर्थिक वर्षांत या सौद्यांमध्ये उतरलेल्या दर 100 वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 जण तोट्यात, आणि एकत्रित तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. बुडालेले गाड्यावर येऊन सांगत नाहीत. कमावलेला एखादाच बोलतो, आणि तेवढ्याने तरुण पोरं बिघडतात. याचं मला फार वाईट वाटतं.

संयमाचं कौतुक करताना अमळनेरचं उदाहरण नेहमी देतात. 1945 साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या जपले ती मालामाल झाली. खरी गोष्ट आहे. पण मुंबईच्या गिरण्यांचे शेअर तितक्याच निष्ठेने जपणारीही घरं होती. 1982 च्या संपानंतर त्यांच्या ट्रंकेत काय उरलं? आमच्या गावानेही कॉटन मिलचा भोंगा ऐकला आणि तो बंद झालेलाही पाहिला. संयम दोन्हीकडे सारखाच होता. फरक पडला तो कंपनी कोणती निघाली याने, आणि ते आधी कुणालाच कळत नाही. म्हणून मला इंडेक्स फंड पटतो. तो निफ्टीतल्या कंपन्यांची यादीच विकत घेतो, आणि त्या यादीची वर्षातून दोनदा झाडाझडती होते. जानेवारी 2009 मध्ये सत्यमचा घोटाळा उघड झाला आणि काही दिवसांतच ती कंपनी यादीबाहेर गेली. मार्च 2020 मध्ये येस बँक गेली. आपण वहीत नुसती नोंद करत होतो.

खर्चाचंही बघा. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो, त्यात एजंटाचं कमिशन नाही. दरमहा पाच हजार, वीस वर्षं. 12 टक्के परतावा धरला तर साधारण 50 लाख होतात, 11 टक्के धरला तर 44 लाखांच्या आत. परताव्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, पण खर्चातला जेवढा टक्का वाचेल तेवढा वाचवणं आपल्या हातात आहे.

बाकी शिस्त मनाच्या जोरावर फार काळ टिकत नाही, तिची सोय लावावी लागते. आपल्या बायकांची भिशी बघा. तारखेला पैसे द्यायचेच, त्या दिवशी मूड कसा आहे हे कुणी विचारत नाही. बँकेला हप्ता आपोआप कापण्याचं मँडेट द्या, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख ठेवा आणि फोनवरून बाजाराची ॲप काढून टाका. सहा महिन्यांचा घरखर्च आधी ठेवीत बाजूला हवा. नाहीतर घरात आजारपण आलं की पहिली कुऱ्हाड फंडावर पडते, आणि बहुधा नको त्या भावाला.

बुधगावच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला, पुण्यात नोकरीला लागलेला शेजारचा मुलगा परवा कागद घेऊन आला. पगार 35 हजार, एसआयपी 15 हजारांची करायची होती.

"काका, पाच वर्षं काहीच वाढलं नाही तर?"

"तसं होऊ शकतं," मी म्हटलं. "झालेलंही आहे. तेव्हा तू हप्ता भरू शकशील का, ते सांग."

त्याने खोलीचं भाडं, मेस, गाडीचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे मांडले. शेवटी पाच हजारांवर आला आणि तारीख दोन टाकली. मग त्याने नॉमिनीच्या जागी आईचं नाव लिहिलं.