आवाज फुटला म्हणून काय झालं?

परवा शेजारच्या वहिनी डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या, "अहो, आमच्या बाळूचा आवाज फुटला. गणपतीच्या कार्यक्रमातून त्याचं नाव काढलं हो!" बाळू तेरा वर्षांचा. कालपर्यंत सगळ्या आळीत कौतुक, आज दार लावून बसलेला. वहिनींना चहा दिला आणि डेव्हिड हेमिंग्जची गोष्ट सांगितली.

हा इंग्लंडातल्या गिल्डफर्डचा, जन्म १९४१ चा. गळा इतका गोड, की बेंजामिन ब्रिटनसारख्या थोर संगीतकारानं १९५४ साली व्हेनिसला 'द टर्न ऑफ द स्क्रू' या संगीतिकेत त्याला मुलाची मोठी भूमिका दिली. वय अवघं बारा! पुढं १९५६ साली पॅरिसमध्ये भर प्रयोगात, गाता गाताच त्याचा आवाज फुटला. ब्रिटननं मग त्याच्याशी संबंधच ठेवला नाही. चौदा वर्षांचं पोर ते! थोर असले म्हणून काय झालं, मला नाही बाई हे पटत.

पोरगा चित्रकला शिकला, सिनेमात लहानसहान कामं करू लागला. १९६६ साली आन्तोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्ये छायाचित्रकार झाला आणि जगभर नाव झालं. पण नायकाचे दिवस कितीसे टिकणार? ते ओसरले, तशी स्वारी कॅमेऱ्यामागं गेली. १९७८ चा 'जस्ट अ जिगोलो' पडला; मार्लेन डीट्रिचसारखी नटी असूनही पडला. मग ऐंशीच्या दशकात अमेरिकेत 'द ए-टीम', 'मॅग्नम', 'एअरवुल्फ' अशा दूरदर्शन मालिकांचे भाग त्यानं दिग्दर्शित केले.

हे काम म्हणजे सासरी नव्या सुनेनं केलेला स्वयंपाक! चूल त्यांची, भांडी त्यांची, रीतही त्यांचीच. पान मात्र वेळेवर वाढायचं. ते जमलं म्हणून तर १९८९ साली 'क्वांटम लीप'चा पहिलाच भाग त्याच्याकडे आला. २००० साली 'ग्लॅडिएटर'मध्ये झुपकेदार भुवयांचा म्हातारा म्हणून तो पुन्हा पडद्यावर दिसला. २००३ साली बुखारेस्टला चित्रीकरण चालू असतानाच गेला, बासष्टाव्या वर्षी.

"ते खरं हो, पण बाळूचं काय करू?" वहिनी म्हणाल्या.

सध्या वरच्या पट्टीत गायला लावू नका. गुरुजींना पट्टी उतरवायला सांगा. दही-लोणचं बंद करून आवाज परत यायचा नाही, उगीच पोराचे हाल. आणि पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव रे" हे काही महिने अजिबात नको.