तड्यावरची पट्टी

पोकलेन, लोडर, डंपर अशा अवजड यंत्रांच्या सांगाड्याला तडा जातो तो बहुधा वेल्डिंगच्या कडेला. शिवण संपून मूळ पत्रा सुरू होतो त्या कंगोऱ्यावर ताण साचतो. बकेट भरली की तो चढतो, रिकामी झाली की उतरतो, आणि या चढउतारात केसाएवढी चीर कणाकणाने पुढे सरकते. अर्ध्या मिनिटाला एक बकेट धरली तरी दहा तासांच्या पाळीत हा चढउतार 1,200 वेळा होतो. वर्षाचे 300 दिवस काम झाले तर 3,60,000 वेळा. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या उघड्या कोळसा खाणींत पाळ्या एकामागून एक लागतात, तिथे हा आकडाही थोडका पडतो. तडा ही त्यामुळे अपघाती गोष्ट नव्हे. यंत्राच्या आयुष्यात तो कधीतरी येणारच असतो, आणि त्याची दुरुस्ती कशी करायची एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर साइटवर फार दिवसांपासून फिरते आहे, आणि अलीकडे त्याला अनुभवसिद्ध शास्त्राचा दर्जा देणारे समर्थकही निघाले आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तडा गेला म्हणजे जोड कच्चा होता. कच्च्या जोडावर आणखी माल भरला की तो पक्का होतो आणि वरून जाड पट्टी मारली की दुप्पट पक्का. तड्याच्या टोकाला भोक पाडले की तो तिथेच थांबतो. वेल्डिंगआधी लोखंड तापवणे हे पुस्तकी थेर आहे, कारण विदर्भाच्या उन्हात ते तापलेलेच असते. आणि मशीन उभे राहिले की तासाचे भाडे बुडते, म्हणून संध्याकाळच्या आत ते चालू झाले पाहिजे. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे. आधीच्या मुद्द्यांचा त्याच्याशी संबंध इतकाच, की त्यांच्या पायी तेच मशीन महिना-दीड महिन्यात पुन्हा उभे राहते.

जोड कच्चा म्हणून तडा गेला, हे निदान सोयीचे आहे. त्यात वेल्डर दोषी ठरतो आणि बाकी सगळे सुटतात. हा वाद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जहाजे बांधली. लिबर्टी प्रकारची 2,710 जहाजे तयार झाली. 16 जानेवारी 1943 रोजी पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना मधोमध फाटले. लगेच वेल्डरांच्या हाताला बोल लागला, आणि रिव्हेटच बरे होते असे म्हणणाऱ्यांना जोर आला. पुढील तपासात चित्र निराळे दिसले. त्या काळचे पोलाद थंडीत ठिसूळ होत होते. लिबर्टी जहाजांच्या तर डेकवरील हॅचचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या तोंडांचे, कोपरे चौकोनी होते आणि तिथे ताण एकवटत होता. पुढे कोपऱ्यांना गोलाई आणि मजबुती दिल्यावर असे तडे बरेच कमी झाले. कोपरा तसाच ठेवून त्यावर वेल्डिंगचा ढीग रचण्याचा उपाय तेव्हा कोणी सुचवला नाही. तो मान आपल्याकडच्या पट्टीवाल्यांचा.

आता खुद्द पट्टी. या पंथाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असल्याने तिच्यापाशी थांबणे भाग आहे. युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो: बूमचा, म्हणजे पोकलेनच्या मुख्य भुजेचा, पत्रा 12 मिलिमीटर, त्यावर 12 ची पट्टी, म्हणजे जाडी दुप्पट आणि ताण निम्मा. पट्टीच्या मध्यभागी हे खरेही आहे. पण पट्टी कुठेतरी संपते, आणि ती संपते त्याच्या इंचभर पलीकडे पत्रा पुन्हा 12 मिलिमीटरचाच असतो. तिथला ताण तिळभरही कमी झालेला नसतो. उलट, जाड भागातून पातळ भागात येणारा सगळा भार पट्टीच्या आडव्या कडेच्या वेल्डिंगवर एकदम येऊन आदळतो. फाटक्या सदऱ्याला जाड ठिगळ लावले की पुढच्या वेळी कापड ठिगळाच्या शिवणीला लागून फाटते, तोच हा प्रकार.

किती नुकसान होते याचा हिशेबही मांडता येतो. वेल्डिंगच्या जोडाचे आयुष्य ताणाच्या चढउताराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते: ताण दुप्पट झाला की आयुष्य एक-अष्टमांशावर येते. पूर्ण भरून, घासून पत्र्याच्या पातळीत आणलेला समोरासमोरचा जोड आणि पट्टीच्या टोकाचा आडवा जोड यांची तुलना केली, तर दुसऱ्याची ताण झेलण्याची ताकद साधारण निम्मी भरते. म्हणजे चांगला जोड आठ वर्षे टिकेल तिथे पट्टीचे टोक वर्षभर. भारी पोलादाची पट्टी घेतल्यानेही फरक पडत नाही. वेल्डिंग केलेल्या जोडात तड्याचा वेग पोलाद किती मजबूत आहे यावर जवळजवळ ठरतच नाही. तो जोडाच्या आकारावर ठरतो. खाणीतून फिरून आलेल्या जुन्या बूमवर याचा पुरावा उघड्या डोळ्यांनी दिसतो: पहिली पट्टी, तिच्या टोकाला गेलेला तडा, तो झाकणारी दुसरी पट्टी, तिच्या टोकाला तिसरी. प्रत्येक पट्टीबरोबर बूमचे वजन वाढते आणि बकेटमध्ये उचलता येणारा माल घटतो. समर्थक याला बूम मजबूत केली असे म्हणतात.

भार न घेणारे किरकोळ वेल्डिंगसुद्धा किती महागात पडते, याचे उदाहरण समुद्रातले आहे. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलंड’ ही कामगारांच्या निवासासाठी वापरली जाणारी तरंगती रचना उलटली. तिच्यावरील 212 पैकी 123 माणसे मेली. तिच्या एका आडव्या नळीवर पाण्याखालचे आवाज टिपणारे उपकरण बसवण्यासाठी एक छोटा आधार जोडला होता, फक्त 6 मिलिमीटरच्या वेल्डिंगने. तडा तिथून सुरू झाला आणि नळी तुटली. तिच्यामागून रचनेचा अख्खा पाय निखळला. तड्याच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे रचना समुद्रात जाण्याआधी, कारखान्यात रंग लागला तेव्हाच ती चीर तिथे होती. बूमच्या ताणाच्या बाजूला होज पाइपचे क्लॅम्प आणि दिव्यांचे ब्रॅकेट ‘जरा टाका मारून’ बसवणाऱ्यांनी हे प्रकरण वाचण्याजोगे आहे.

विदर्भाच्या उन्हाचा मुद्दा मनोरंजक आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो हे खरे. पण जाड किंवा जास्त मजबुतीच्या पोलादाला वेल्डिंगआधी 100 ते 150 अंश, कधी त्याहून जास्त तापवावे लागते. ते कशासाठी, हे समजले तर उन्हाचा दाखला कोणी देणार नाही. जाड थंड पत्रा वितळलेल्या धातूची उष्णता क्षणात ओढून घेतो, त्यामुळे शिवणीशेजारचा भाग कडक होतो. दमट रॉडमधून आलेला हायड्रोजन त्या कडक भागात अडकतो आणि कित्येकदा काम संपल्यावर दोन दिवसांनी आतून तडा देतो. तोवर मशीन साइटवर गेलेले असते आणि बिलही निघालेले असते. मँगनीज पोलादाचे दात किंवा क्रशरचे जबडे असतील तर नियम नेमका उलटा: ते शक्य तितके थंड ठेवावे लागतात, साधारण 260 अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसतात, नाहीतर ठिसूळ होतात. ऊन मात्र दोघांवर सारखेच पडते.

भोकाबद्दल एवढेच: तड्याचे टोक डोळ्याला दिसते त्याच्या पुढे असते, त्यामुळे अंदाजाने पाडलेले भोक तड्याच्या मध्येच बसते आणि चीर पुढे चालू लागते. जुने उस्ताद असेच करायचे, हा युक्तिवाद जुन्या मशिनींवर भार किती होता ते विचारल्याशिवाय ऐकण्यात अर्थ नाही.

योग्य दुरुस्तीत अद्भुत असे काही नाही. आधी बॅटरीच्या तारा काढायच्या आणि अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या जागेलगत लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. तड्याभोवतीचा रंग आणि ग्रीस काढून लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचा, पुसून वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. पांढऱ्यावर झिरपून येणारी लाल रेष सांगते की तडा किती लांब आहे. ती दिसणाऱ्या तड्यापेक्षा लांबच निघते. मग गाउजिंग किंवा ग्राइंडरने तडा मुळासकट खोदायचा आणि खोदल्यावर पुन्हा डाय मारायचा. लाल रेष उरली असेल तर काम उरले आहे. खाच भरायची ती नेहमीच्या 6013 ने नव्हे, तर ओव्हनमधून गरम काढलेल्या 7018 सारख्या कमी हायड्रोजनच्या रॉडने, बारीक रन एकावर एक घालत, रनची सुरुवात-शेवट कोपऱ्यावर न आणता. शेवटी शिवण पत्र्याच्या पातळीत घासायची. घासल्याचे ओरखडे ताणाच्या दिशेने जावेत, आडवे नकोत. पट्टी लावणे खरोखर अटळच असेल, तर तिची टोके निमुळती करून कमी ताणाच्या जागी न्यावीत.

याहून महत्त्वाचे म्हणजे तडा तिथेच का गेला ते पाहणे. पिन-बुश झिजून आर्म डुलतो आहे का, ऑपरेटर बकेट बाजूला झाडूसारखी फिरवून दगड ढकलतो आहे का, ब्रेकर लावून बूमवर धक्के बसवले जात आहेत का? हे तसेच राहिले तर उत्तम वेल्डिंगही तुटेल.

या सगळ्याला एक पाळी जास्त लागते, आणि 48 तासांनी पुन्हा एकदा डाय मारावा लागतो. एका भागाला मात्र यातले काहीच लागू नाही: मशीन उलटल्यास ऑपरेटरला वाचवणारी केबिनची संरक्षक चौकट. तिला तडा गेला तर वेल्डिंग करायचे नसते, ती बदलायची असते.