राणीचा थाट

पाचगणीला गेलेली मंडळी टेबललँड बघतात, स्ट्रॉबेरी खातात आणि परत येतात. याच गावातल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा वाढला आणि शाळासोबत्यांच्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवत असे, हे किती जणांना ठाऊक असते? १९४६ साली झांझिबारला जन्मलेला हा मुलगा पुढे लंडनला गेला आणि ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला.

अंगाला घट्ट बसणारे चकाकते कपडे, रंगवलेली नखे, पुढे तर डोक्यावर मुकुट आणि खांद्यावरून लोळणारे राजवस्त्र! ‘हे कसले गाणे, हा तर नुसता तमाशा’ असे म्हणणारे आपल्याच घरांत होते असे नाही. इंग्लंडातले समीक्षकही नाके मुरडत होते. (तमाशा उभा करायला किती रियाज लागतो, हे खरे तर आपल्याला कुणी सांगायला नको.) मला मात्र ‘क्वीन’चा थाट कधीच पोकळ वाटला नाही.

१९७० साली हा बँड जमला. गिटारवादक ब्रायन मे खगोलशास्त्राचा अभ्यासक. त्याने आपली गिटार दुकानातून आणली नव्हती. वडिलांबरोबर घरीच, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून बनवली होती. आयुष्यभर तीच वाजवली. बँडचे मानचिन्ह फ्रेडीने स्वतः रेखाटले. तो कला महाविद्यालयात शिकलेला. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या रेकॉर्डच्या वेष्टनांवर, आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही, अशी नोंद असे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’तला ऑपेराचा भाग ऐकताना मोठा गायकवृंद गातो आहे असे वाटते. गाणारे फक्त तिघे! आपलेच आवाज एकावर एक चढवत गेले, इतके की टेप झिजून आरपार दिसू लागली. जवळजवळ सहा मिनिटांचे हे गाणे रेडिओवर कोण लावणार, असा प्रश्न होता. १९७५ साली ते आले आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

१३ जुलै १९८५ची वेम्बली मैदानावरची ‘लाइव्ह एड’ मैफल तर गाजलीच. वाट्याला जेमतेम वीस मिनिटे. पण त्यासाठी त्यांनी नाट्यगृह घेऊन घड्याळ लावून तालमी केल्या होत्या. समोरचे ७० हजारांहून अधिक लोक एका तालात टाळ्या वाजवत होते, ते काही आपोआप घडले नव्हते.

सगळेच गोड मानून घ्यावे असे नाही. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर कलावंतांचा बहिष्कार असताना १९८४ साली हे चौघे सन सिटीत गायले. आम्ही राजकारण करत नाही, ही सबब मला तरी पटत नाही.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीने एड्स झाल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघे ४५. त्या वर्षी तो, प्रकृती ढासळलेली असतानाही, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी गाणी ध्वनिमुद्रित करत होता. कपडे, मुकुट, प्रेक्षक काही नाही. समोर फक्त मायक्रोफोन. मागे राहिलेल्या तिघांनी त्या आवाजाभोवती साथ भरली आणि १९९५ साली तो अल्बम बाहेर आला.