उठून गेलेल्या प्रेक्षकाची बाजू

(तृतीय वर्ष कला)

खेळ चालू असताना मध्येच उठून जाणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे फारसे चांगले बोलले जात नाही. नाटकातून उठला तर तो अरसिक, व्याख्यानातून उठला तर उद्धट, आणि हिंसक चित्रपटातून उठला तर भित्रा. या शेवटच्या माणसाची बाजू कुणी तरी मांडली पाहिजे, असे मला यंदा प्रकर्षाने वाटले. निमित्त झाले ते मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाच्या ‘फनी गेम्स’ या चित्रपटाचे. १९९७ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत तो दाखवला गेला तेव्हा कित्येक प्रेक्षक मध्येच निघून गेले. जे राहिले त्यांच्यातही कुणी त्याला थोर म्हटले, तर कुणी केवळ क्रूर. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो आता आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळापर्यंत येऊन पोहोचला आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथानक सांगतो. तळ्याकाठच्या आपल्या बंगल्यात सुट्टी घालवायला एक सुखवस्तू कुटुंब येते. आई आना, वडील गेओर्ग, लहान मुलगा आणि कुत्रा. स्वयंपाक चाललेला असताना दारात एक तरुण येतो. पांढरे कपडे, हातात पांढरे मोजे, आणि बोलणे इतके आर्जवी की कुणालाही कौतुक वाटावे. शेजारच्या बाईंना चार अंडी हवी आहेत, एवढेच त्याचे काम. आना अंडी देते. ती त्याच्या हातून फुटतात. तो पुन्हा मागतो. मग त्याचा जोडीदार येतो. थोड्याच वेळात गोल्फच्या काठीने गेओर्गचा पाय मोडलेला असतो आणि घर त्या दोघांच्या ताब्यात गेलेले असते. मग ते पैज लावतात : उद्या सकाळी नऊ वाजेपर्यंत तुम्ही तिघेही मेलेले असाल. पैज कोण जिंकतो हे सांगायची गरज नाही. का, याचे कारण दोघेही देत नाहीत. विचारले तर गरिबी, व्यसन, दुभंगलेले घर अशी तयार कारणे ते हसत हसत पुढे करतात आणि लगेच स्वतःच ती मोडीत काढतात.

मला विचाराल तर चित्रपटातला सर्वांत भयंकर भाग हा अंड्यांचाच आहे. शेजारून विरजण मागायला आलेल्या माणसाला आपण उंबऱ्यावरून परत पाठवत नाही. आनालाही ते जमत नाही. काही तरी चुकते आहे हे तिला कळते, तिचा आवाज चढतो, आणि आवाज चढला म्हणून तीच असभ्य ठरते! आपल्या सभ्यपणाचाच कुणी असा फास करून आपल्या गळ्यात अडकवावा, ही कल्पना मारहाणीपेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करते.

मारहाण म्हणावी तर पडद्यावर फारच थोडी दिसते. ‘हिंसक चित्रपट’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलाला गोळी घातली जाते तेव्हा आपण स्वयंपाकघरात असतो आणि पाउल नावाचा तो तरुण स्वतःसाठी खायला करून घेत असतो. आपल्याला फक्त आवाज ऐकू येतो. प्रत्यक्ष गोळी लागून माणूस कोसळताना दिसतो तो एकदाच, आणि तो असतो मारेकऱ्यांपैकी एक. आना झडप घालून बंदूक उचलते आणि पेटर या दुसऱ्या तरुणावर झाडते. प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला या एका क्षणाची तासाभरापासून वाट असते. कानमध्ये या जागी टाळ्या पडल्याचे हानेके यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. पण टाळ्या विरतात न विरतात तोच पाउल टीव्हीचा रिमोट शोधतो, कळ दाबतो, आणि चालू चित्रपटच उलटा फिरू लागतो. पेटर उठून बसतो. या खेपेला आनाच्या हाती बंदूक लागत नाही. हानेके म्हणतात, की टाळ्यांच्या जागी तेव्हा शांतता पसरली.

ही युक्ती त्यांना अचानक सुचलेली नाही. १९९२ च्या त्यांच्या ‘बेनीज व्हिडिओ’त एक मुलगा डुक्कर मारल्याची चित्रफीत मागे फिरवून पुन्हा पुन्हा पाहतो. त्या मुलाचे काम करणारा आर्नो फ्रिश हाच इथला पाउल होय. यंत्राची कळ दाबली की मरण मागे जाते, या सवयीने मनाचे काय होते, हा हानेके यांचा जुना प्रश्न आहे. घरात घुसलेल्या माणसांचे चित्रपट त्यांच्या आधीही झाले आणि गाजले. सॅम पेकिनपा यांच्या ‘स्ट्रॉ डॉग्ज’मध्ये (१९७१) घराला वेढा पडल्यावर भिडस्त गणिती नायक एकेकाला ठार करतो, आणि आपल्याला बरे वाटते. पॉलीन केल या अमेरिकन समीक्षिकेने त्या चित्रपटाला फासिस्ट कलाकृती म्हटले होते. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यानंतर २००२ पर्यंत त्याच्या घरगुती चित्रफितीला प्रमाणपत्र मिळत नव्हते. पेकिनपा आपल्याला ते बरे वाटणे देतात. हानेके ते हातावर ठेवतात आणि लगेच काढून घेतात. टाळी वाजवणाऱ्याला त्याची टाळी ऐकवण्याचा याहून चोख मार्ग मला दिसत नाही. इथवर मी हानेके यांच्या बाजूचा आहे.

पण ते इथे थांबत नाहीत. पाउल मध्येच कॅमेऱ्याकडे वळून डोळा मिचकावतो. पैज लागते तेव्हा तो थेट आपल्याला विचारतो, की तुम्ही तर यांच्याच बाजूचे, नाही का? पुढे हानेके यांनी एक विधान केले आणि ते फार गाजले. त्याचा आशय असा, की जो मध्येच उठून जातो त्याला या चित्रपटाची गरज नाही आणि जो शेवटपर्यंत बसतो त्याला ती आहे.

हे विधान ऐकायला चमकदार आहे. पण जरा उलटसुलट करून पाहू. मी बसून राहिलो तर मी हिंसेचा भुकेला ठरतो. मी गेलो तर चित्रपट माझ्यासाठी नव्हताच. माझ्या हातून काहीही घडले तरी दिग्दर्शकाचे उत्तर आधीच तयार आहे. वाद घालायला जागाच नाही. असा खेळ कुठे पाहिल्यासारखा वाटतो? त्या बंगल्यातच! नियम एकाने करायचे, समोरच्याने खेळायचे, आणि हरल्यावर ‘तुम्ही खेळलातच का’ म्हणून वर त्यालाच विचारायचे. प्रेक्षकाशी वागताना हानेके त्या पांढरे मोजे घातलेल्या तरुणांच्या फार जवळ जातात. त्यांच्या चाहत्यांना हे आवडणार नाही. काही जण म्हणतील, की हेच तर त्यांना दाखवायचे आहे. म्हणोत. दाखवायचे होते म्हणून ते न्याय्य ठरत नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण मला इथे आठवते. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. त्यात घरात बाहेरून कुणी घुसत नाही. घरातलीच माणसे एकमेकांचे लचके तोडतात. माणिकच्या लुगड्यावरचा रक्ताचा लाल डाग सेन्सॉरला चालेना. मग डाग निळा करण्यात आला, आणि सेन्सॉरच्या आज्ञेवरून तो निळा आहे, प्रेक्षकांनी तो लाल समजावा, असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. ही हकीकत आपल्याला विनोद म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यात प्रेक्षकावरचा केवढा तरी विश्वास दिसतो. आम्ही रंग दाखवू शकत नाही, तेवढा तुम्ही भरून घ्या! त्या प्रयोगाने प्रेक्षकाला आरोपी केले नाही, हाताशी घेतले. रागावणारे तेव्हाही रागावलेच. पण रागवायला त्यांना जागा होती.

आता आमच्या मंडळाविषयी. यंदा हा चित्रपट दाखवला तेव्हा चाळीसएक विद्यार्थी होते. पाच जण मध्येच गेले. त्यांतली एक प्रथम वर्षाची विद्यार्थिनी पैज लागल्याबरोबर उठली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिला पाहून कुणी ‘चार अंडी द्या हो’ म्हणून हाक दिली आणि टेबलभर हशा पिकला. हसणाऱ्यांत बहुतेक शेवटपर्यंत बसलेले होते. बसणे हे जणू शौर्यपदक आणि आदल्या संध्याकाळी ते आपल्या छातीवर लागले, असा एकूण थाट होता. ज्या चित्रपटाने बसणाऱ्यालाच दोषी धरले, तो पाहून बसल्याची फुशारकी मारावी, याहून मोठी फजिती हानेके यांची कोणती व्हायची?

मी तिला तिच्या जाण्याचे कारण विचारले. ती म्हणाली, की पुढे काय होणार हे न कळल्यामुळे ती गेली नाही. ते पैजेतच कळले, आणि कळल्यावर एक तास ते होताना बघत बसण्याचे काही कारण तिला दिसेना. मला हे उत्तर कुठल्याही समीक्षेच्या तोडीचे वाटते. चित्रपटाने प्रश्न विचारला होता, की तुम्ही का बघता आहात. तिने उत्तर दिले आणि ती गेली. आम्ही बाकीच्यांनी उत्तर दिलेच नाही.

मग मी का बसलो, असे कुणी विचारील. खरे सांगायचे तर आधी हट्टाने बसलो. पुढे मात्र बसल्याचे सार्थक झाले ते एकाच ठिकाणी. मुलगा मारला गेला आहे. दोघे निघून गेले आहेत. टीव्हीवर मोटारींची शर्यत चालू आहे आणि पडद्यावर रक्त उडाले आहे. हातपाय बांधलेली आना बसली आहे. कितीतरी वेळ ती हलतच नाही. मग कशीबशी उठते, उड्या घेत पुढे सरकते आणि आधी काय करते, तर तो टीव्ही बंद करते. त्यानंतर गेओर्गच्या तोंडून जो हंबरडा फुटतो, तो अजून माझ्या कानांत आहे. दहा मिनिटांच्या आसपासचा हा प्रसंग एका सलग चित्रणात येतो. मध्ये कुठे कात्री नाही. सुझाने लोटार आणि उलरिख म्यूहे या दोघांचा अभिनय इथे अभिनय राहत नाही. कुणी डोळा मिचकावत नाही, कुणी आपल्याला काही विचारत नाही. मूल गेल्यावर घरात जे उरते तेवढेच समोर असते. मारामारीच्या चित्रपटांत ज्या मरणावरून कॅमेरा लगेच पुढच्या गोळीकडे धावतो, त्या मरणापाशी हा दिग्दर्शक थांबला. प्रेक्षकाला दरडावून जे साधले नाही ते इथे साधले.

आणि नेमका हाच भाग माझ्या एका मित्राने गाळला! तो मंडळात आला नव्हता. पुढे त्याने घरी चित्रपट पाहिला, आणि ‘काहीच होत नाही’ म्हणून बोटाने ही दहा मिनिटे पुढे सरकवली. १९९७ साली प्रेक्षागृहात कळ एकट्या पाउलच्या हाती होती. आज ती ज्याच्या त्याच्या हाती आहे आणि तिच्यावर आपण काय पुसतो, तर शोक. हानेके यांनी २००७ साली नाओमी वॉट्स आणि टिम रॉथ यांना घेऊन हाच चित्रपट इंग्रजीत जवळजवळ दृश्यागणिक पुन्हा काढला. ज्या अमेरिकन प्रेक्षकासाठी तो होता त्याच्यापर्यंत जर्मन चित्रपट पोहोचला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रजी चित्रपटही तिकडे फारसा चालला नाही. आपल्यावर ओरडणाऱ्याकडे लोक पैसे देऊन कशाला जातील?

या खेळानंतर दोन सूचना आल्याचे ऐकतो. असले चित्रपट मंडळाने दाखवूच नयेत, असे काही प्राध्यापकांचे मत आहे. ज्यांना सोसत नाही त्यांना सभासदच करू नये, असे काही विद्यार्थ्यांचे. दोन्ही सूचनांत प्रेक्षकावर अविश्वास आहे. गुरुजनांना वाटते आम्ही बिघडू. मित्रांना वाटते जो उठला तो कच्चा. गुरुजनांना मी आदरपूर्वक एवढेच म्हणेन, की त्या हंबरड्याने कुणी बिघडल्याचे मला दिसले नाही. बिघाड दिसला तो दुसऱ्या दिवशीच्या हशात. तो चित्रपटाने शिकवलेला नव्हता, आम्ही घरूनच आणला होता. आणि मित्रांनो, ती विद्यार्थिनी त्यानंतर मंडळाच्या एकाही खेळाला आलेली नाही. पाच जणांनी उठावे आणि चाळिसांनी दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लावावा, यासाठीच तर मंडळ असते ना?

चित्रपट दाखवावेत, कठीणही दाखवावेत. आत काय आहे हे आधी फलकावर लिहावे. कोण गेले याची मोजदाद ठेवू नये. का गेले, हे ज्याला सांगावेसे वाटेल त्याला चर्चेत पहिली संधी द्यावी. आणखी एक बारीकशी गोष्ट आहे. पश्चिमेचे ऊन पडद्यावर येते म्हणून आपण सभागृहाचे दार लावून वरची कडी घालतो. ती गंजलेली आहे आणि काढताना मोठ्याने वाजते, त्यामुळे जो उठतो त्याच्याकडे सगळ्या माना वळतात. पुढच्या खेळापूर्वी त्या दाराला काळा पडदा लावावा आणि कडी काढून टाकावी.